निशाणी चौदा

'या चित्रपटातील न्यायालयात उच्चारला गेलेला प्रत्येक शब्द मूळ न्यायालयीन नोंदींमधून जसाच्या तसा घेतलेला आहे.'

चित्रपट सुरू होण्यापूर्वी काळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत हे वाक्य सहा सेकंद झळकते. ते सहा सेकंद ठेवावे की आठ, यावर निर्मात्याच्या कचेरीत दोन बैठका झाल्या. ते खरे आहे का, यावर एकही झाली नाही. वस्तुतः त्यातला 'चित्रपट' हा शब्द तेवढा निर्विवाद आहे. 'न्यायालय' म्हणजे बंद पडलेले लोकरीचे गोदाम, ज्यात सुतारांनी अठरा दिवसांत न्यायासन, कठडा आणि प्रेक्षकांची बाके ठोकून उभी केली होती. 'मूळ' म्हणजे चौथ्या हाताचे. चित्रपट बेतला होता नाटकावर. नाटक बेतले होते निकालपत्राच्या वर्तमानपत्री सारांशावर. निकालपत्र बेतले होते आरोपीच्या जबाबावर. आणि जबाब कशावर बेतला होता, हा प्रश्न चौसष्ट वर्षांत कुणालाही पडला नव्हता. जबाब ज्याने दिला त्याचाच तो असणार, असे सुशिक्षित माणूस गृहीत धरतो. अशिक्षिताला तसे गृहीत धरण्याची संधीच मिळत नाही.

प्रश्न पडला तो तळटीपबाईंना. हे अर्थात त्यांचे खरे नाव नव्हे. कायद्याच्या महाविद्यालयात एकतीस वर्षे न्यायसंस्थेचा इतिहास शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या, आणि चित्रपटाच्या मंडळींनी तिसऱ्याच दिवशी त्यांचे हे बारसे केले होते. जुन्या काळावरच्या चित्रपटाला इतिहास सल्लागार लागतो, तो मोठ्या दुकानाला दारवान लागतो तसा. आत काय विकले जाते याच्याशी त्याला कर्तव्य नसते, पोशाख मात्र कडक हवा. बाईंचे काम दोन प्रकारचे होते. दौती, टाक, खुर्च्या आणि वकिलांच्या कॉलरी त्या काळातल्या आहेत ना, ते पाहायचे. आणि शेवटी एका प्रमाणपत्रावर सही करायची, की न्यायालयातले संवाद नोंदींशी जुळतात.

खटला एकेकाळी गाजला होता. एक लाकडाचा व्यापारी अंथरुणाला खिळलेला होता आणि त्याच्या शुश्रूषेला एक विधवा बाई ठेवली होती. सकाळ-संध्याकाळ हृदयाच्या औषधाचे दहा-दहा थेंब पाण्यातून द्यायचे, हे तिचे मुख्य काम. एका संध्याकाळी व्यापारी गेला आणि बाटली रिकामी सापडली. घरात पुतण्या होता, सून होती, मालमत्तेवरून धुसफुस होती. पण सापडायला सोपी अशी बाई एकच होती. वर्तमानपत्रांनी तिला 'थेंबवाली' म्हटले. तिला जन्मठेप झाली आणि तिसऱ्या वर्षी ती तुरुंगातच छातीत कफ भरून मेली.

न्यायालयाच्या नोंदीत तिच्या जबाबाचा शेवट दोन वाक्यांचा आहे: 'मी ते कृत्य जाणूनबुजून केले. मला याहून अधिक काही सांगावयाचे नाही.' दहा वर्षांनी एका नाटककाराने या दोन वाक्यांचे सात मिनिटांचे भाषण केले. थेंबवाली कठडा दोन्ही हातांनी धरते आणि म्हणते, 'होय, मी जाणूनबुजून केलं. वीस वर्षं यानं मला माणसांत मोजलं नाही. एक दिवस मी याचे थेंब मोजले नाहीत. याहून अधिक मला काही सांगायचं नाही, कारण इथे ऐकणारं कोणी नाही.' त्या व्यापाऱ्याकडे ती प्रत्यक्षात चौदा महिने कामाला होती. परंतु चौदा महिन्यांवर टाळी येत नाही. वीस वर्षांवर येते, आणि ती पन्नास वर्षे येत राहिली. वक्तृत्वस्पर्धांत मुली ते भाषण म्हणत. सभांमधून त्याचे फलक लागत. आता त्याचा चित्रपट होत होता.

"मॅडम, दौती बघा," दिग्दर्शक म्हणाला. चाळिशीतला, हुशार, कामात चोख माणूस. "तीन गावं पालथी घातली यांच्यासाठी. आता तरी खूश?"

"दौती अस्सल आहेत," तळटीपबाई म्हणाल्या. "त्यांतून जे लिहिलं जातंय ते नाही."

"झालं. सकाळी सकाळी तळटीप."

"कठडा इतका उंच नव्हता. आणि ती उभीही नव्हती. तिला बाकावर बसवलं होतं."

"बसून सात मिनिटं कोण बोलेल हो?"

"तेच म्हणतेय मी. कोणीच बोलत नाही."

दिग्दर्शक हसला. बाईंचा त्याला मनापासून आदर होता, आणि आदर हा माणसाचे न ऐकण्याचा सगळ्यांत सभ्य मार्ग आहे. "आमच्या घरी ते भाषण पाढ्यांच्या आधी पाठ झालं," तो म्हणाला. "माझी आई भांडी घासताना म्हणायची. ते मी कापू?" मग आवाज उतरवून म्हणाला, "एक काम कराल का? त्या थेंबवालीची मुलगी आहे अजून. वकील म्हणतात तिचं ना-हरकत पत्र हवं. आमचा व्यवस्थापक दोनदा जाऊन आला, तिनं चहा पाजून परत पाठवला. तुम्ही गेलात तर जमेल."

लेक त्र्याहत्तर वर्षांची होती. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. चाळीस वर्षे तिने रुग्णालयाच्या कपडेखोलीत फाटक्या चादरी सांधल्या होत्या, आणि आता घरी बसून ती तेच करी, फक्त चादरी शेजाऱ्यांच्या होत्या. दार उघडताना तिच्या ओठांत दोन टाचण्या होत्या.

"तुम्ही सिनेमावाल्या का?"

"नाही, ताई. मी त्यांच्या चुका काढते."

"मग बसा. पुष्कळ काम असेल तुम्हाला."

तिने टाचण्या उशीत खोचल्या, चादरीची घडी मांडीवर घेतली आणि न विचारता बोलू लागली. विचारणाऱ्याची वाट फार वर्षे पाहिली की माणूस तसा बोलतो.

"ते नाटक मी अकरा वेळा बघितलंय. शेवटी शेवटी दारावरचा माणूस ओळखायला लागला. आईचा खरा आवाज मला आठवत नाही, बाई. ज्या साली जी नटी असेल तिचाच आवाज आईचा. अशा पाच आया झाल्या मला. तिसरी चांगली होती. चौथी नुसतीच ओरडायची."

"तुम्ही किती वर्षांच्या होतात?"

"नऊ पुरी. सकाळी माझी वेणी घालून गेली ती गेली. नंतर मावशीकडे वाढले. तुरुंगातून भेटीचा निरोप आला होता एकदा. मावशी न्यायला तयार होती. मीच गेले नाही."

तळटीपबाईंनी 'का' असे विचारले नाही. तरीही उत्तर आले.

"मावशीच्या यजमानांनी पेपर वाचून दाखवला होता ना. जाणूनबुजून केलं, याहून अधिक सांगायचं नाही. म्हणजे मी होते की नव्हते, हेसुद्धा तिला सांगायचं नव्हतं. मग मी कशाला जाऊ?" सुई दोन टाके पुढे गेली. "नाटकात सात मिनिटं बोलते. मेलेल्याला बोलते, न्यायाधीशाला बोलते, जगाला बोलते. घरी एक पोर आहे, एवढं म्हणत नाही. त्या नाटककाराला मी एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, बाई, नोंदीत नाही ते मी कुठून आणू? बाकीचं सगळं कुठून आणलंत, ते मी नाही विचारलं. मोठा माणूस होता."

"पत्रावर सही—"

"करते की. मला कसली आलीय हरकत. पण तुम्ही शिकलेल्या आहात, तर एक बघून सांगा. ती खरंच असं बोलली का? आणि माझ्याबद्दल काहीच बोलली नाही का? हो असेल तर हो, नाही असेल तर नाही. मग म्हणाल तिथे सही."

बाईंनी शब्द दिला. शब्द देणे हे विद्वानाला फार सोपे असते. त्यांच्याकडे साठा असतो.

येथे त्या काळच्या एका रिवाजाची माहिती देणे भाग आहे. तेव्हाच्या न्यायालयांत प्रश्न लिहिले जात नसत. वकील विचारी, 'तुम्ही सकाळी सात वाजता कामावर येत होता?' समोरचा माणूस मान डोलवी. मग दंडाधिकारी टंकलेखकाला सांगत, 'मी सकाळी सात वाजता कामावर येत असे.' अशा रीतीने, ज्या माणसाने दिवसभरात 'जी'पलीकडे तोंड उघडलेले नाही, तो संध्याकाळी दोन पाने निर्दोष गद्याचा धनी होऊन बाहेर पडे. खाली त्याचा अंगठा असे. वाङ्मयाच्या इतिहासात या लेखनप्रकाराची दखल कुणी घेतलेली नाही. खरे तर त्याचा वाचकवर्ग मर्यादित असला तरी परिणाम मोठा होता. कित्येक लेखक स्वतःच्याच वाक्यांपायी आयुष्यभर आत राहिले.

प्रश्न आणि उत्तरे जशीच्या तशी उतरत ती फक्त लघुलेखकाच्या वहीत, त्याच्या खुणांच्या लिपीत. आणि त्या वह्या नियमानुसार तीन वर्षांनी जाळल्या जात. तेव्हा थेंबवाली खरोखर काय बोलली, हे कळण्याचा मार्ग जळून एकसष्ट वर्षे झाली होती. हे तळटीपबाईंना ठाऊक होते. तरीही त्या जिल्हा न्यायालयाच्या अभिलेखागारात गेल्या, ते औषधाच्या वहीसाठी. ती वही थेंबवालीच्या हातची होती. लिहिता येत नसल्यामुळे दर मात्रेला ती एक रेघ ओढी. पुराव्यात त्या वहीला 'निशाणी चौदा' असा क्रमांक मिळाला होता. मृत्यूच्या दिवशी संध्याकाळची रेघ तिने ओढली होती की नव्हती, एवढे जरी दिसले असते तरी खटला उलटा फिरला असता. परंतु निकालपत्रात सत्र न्यायाधीशांनी वहीची वासलात एका वाक्यात लावली होती: 'निशाणी चौदामध्ये केवळ निरर्थक रेघोट्या असून त्यांवरून आरोपी निरक्षर असल्याखेरीज काहीही सिद्ध होत नाही.' आरोपीला वकील सरकारनेच दिला होता. त्याने वही उघडून पाहिल्याची नोंद नाही.

"काही नाही हो तिच्यात," अभिलेखपाल म्हणाला. धुळीने त्याच्या भुवया अकाली पिकल्या होत्या. "न्यायाधीशसाहेबांनीच लिहून ठेवलंय. उगाच साप म्हणून भुई धोपटायची."

"पण आहे ना जागेवर?"

"निशाण्या कुठं जातात, बाई. त्या नष्ट करायच्या नाहीत असा नियम आहे. नष्ट व्हायची ती माणसं."

त्याने गठ्ठा सोडला. निळ्या पुठ्ठ्याची वही, वर चिकटवलेली चिठ्ठी, चिठ्ठीवर चौदा. तळटीपबाईंनी पहिले पान उघडले आणि चष्मा काढून पुसला. मग पुन्हा पाहिले.

त्या थेंबवालीच्या रेघा नव्हत्या. ते लघुलेखन होते.

पंधराव्या वर्षी वडिलांनी त्यांना टंकलेखन-लघुलेखनाच्या वर्गात घातले होते. पदवी मिळो न मिळो, पोरीचा हात रिकामा राहू नये, हा त्यांचा हिशेब. ती विद्या पुढे कधी कामी आली नव्हती. आज ती पाटावरून उठून उभी राहिली. काय घडले असावे हे कळायला पाच मिनिटे पुरली. औषधाची वही आणि लघुलेखकाची वही एकाच छापखान्याच्या, एकाच निळ्या पुठ्ठ्याच्या. दंडाधिकाऱ्यांपुढे जबाब झाला त्या दुपारी दोन्ही एकाच टेबलावर होत्या. कारकुनाने चिठ्ठी चुकीच्या वहीवर डकवली. त्या क्षणी लघुलेखकाची वही अमर झाली, आणि थेंबवालीची वही तीन वर्षांनी जाळायच्या गठ्ठ्यात गेली. जाळल्याच्या यादीवर दोन अधिकाऱ्यांच्या सह्या आहेत, तारीख आहे, वजनसुद्धा आहे. जाळण्याच्या कामात त्या कचेरीने कधी हयगय केली नाही.

आणि सत्र न्यायाधीश? त्यांच्या तोंडचा एकूणएक शब्द तीस वर्षे असल्याच रेघोट्यांमध्ये उतरत आला होता. तरी त्या त्यांना ओळखू आल्या नाहीत. कारण लिहिणाऱ्याच्या वहीकडे त्यांनी कधी वळून पाहिलेच नव्हते. निरक्षर बाईची वही आहे असे चिठ्ठी सांगत होती, आणि न्यायाधीश चिठ्ठी वाचत होते.

वही वाचायला पाच आठवडे लागले. प्रत्येक लघुलेखकाच्या स्वतःच्या लकबी असतात. आधी त्या पकडाव्या लागतात, मग मजकूर शरण येतो. पाचव्या आठवड्याच्या शेवटी तळटीपबाईंच्या हातात लेकीच्या प्रश्नाचे उत्तर होते. तेव्हा त्यांनी जे करायला हवे होते ते केले नाही. त्या लेकीकडे गेल्या नाहीत. त्यांनी लेख लिहायला घेतला. शोध एवढा मोठा, तर तो आधी बिनचूक मांडला पाहिजे, एका वेलांटीलाही कुणी बोट दाखवता कामा नये, असे त्यांनी स्वतःला बजावले. दुसऱ्यांच्या ढोंगाची चिरफाड करण्यात हयात गेलेल्या बाईला स्वतःचे ढोंग ओळखता आले नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

मध्यंतरी एकदा त्या दिग्दर्शकाकडे गेल्या, तेही त्याला हरवायला.

"सकाळी तिला साक्षीदार म्हणून बोलावलं होतं," त्या म्हणाल्या. "दुपारी ती आरोपी झाली. ही बढती तिला कोणी कळवली नाही. आता ऐका." आणि त्यांनी वाचले. 'तुम्हीच औषध देत होता?' 'जी.' 'दुसरं कोणी देत नव्हतं?' 'जी.' 'किल्ली तुमच्याकडे असायची?' 'खिळ्याला असायची, साहेब.' 'म्हणजे तुम्हाला घेता यायची?' 'जी.' असे सतरा जी. खिळा तेवढा पक्क्या नोंदीत आला नाही.

शेवटच्या पानाआधी दिग्दर्शकाने हात वर केला.

"पुरे. मॅडम, हे भयंकर आहे. अंगावर काटा आला माझ्या. आणि याचा मला काडीचा उपयोग नाही."

"का?"

"लोक हसतील. सतरा वेळा जी? माझी नायिका सहा महिने आवाज कमावतेय, तो जी म्हणायला? आणि यात ती लढतेय कुणाशी?"

"कुणाशीच नाही."

"मग टाळ्या कशाला वाजवायच्या?"

"वाजवू नयेत."

"तुम्ही तिला बिचारी करून टाकताय. नाटकानं निदान वाघीण केली होती."

"वाघीण केली, म्हणूनच तिला पिंजऱ्यात टाकलेलं कुणाला खटकत नाही," तळटीपबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. तो त्यांच्या वर्गात कधीच चढत नसे, आणि म्हणूनच मागच्या बाकापर्यंत ऐकू जाई. "तुमच्या भाषणाला तिनं खून केलेला असणं आवश्यक आहे. सरकारी वकिलालाही तेच आवश्यक होतं. तिनं तो केला कशावरून? तर ती जी म्हणाली यावरून. तो वकील तिला शिव्या देऊन हे सिद्ध करत होता, तुम्ही आरती ओवाळून करताय. फरक वाद्यवृंदाचा आहे."

"शेवटच्या श्रेयनामावलीत टाकू का? एक ओळ? 'नवीन संशोधनानुसार' वगैरे?"

"मी प्रमाणपत्रावर सही करणार नाही."

"मला वाईट वाटतंय, मॅडम. खरंच," दिग्दर्शक म्हणाला, आणि ते खरे होते.

सही आठवड्याभरात झाली. एका दुसऱ्या प्राध्यापकांनी केली. उंटावरून शेळ्या हाकण्याचा त्यांचा अनुभव दांडगा होता; अभिलेखागार कोणत्या मजल्यावर आहे हेही त्यांना विचारावे लागले असते, पण तशी वेळ कुणी आणली नाही. ते प्रमाणपत्र घेऊन व्यवस्थापक तिसऱ्या मजल्यावर गेला. लेकीने विचारले, ती खरंच असं बोलली का? त्याने शिक्का दाखवला. माझ्याबद्दल काही? त्याने शिक्का पुन्हा दाखवला. लेकीने सही केली. तळटीपबाईंना याची वार्ता नव्हती. त्या तेव्हा सत्त्याण्णवाव्या तळटीपेवर होत्या.

चित्रपटाचा पहिला खेळ दुपारचा होता. तळटीपबाईंनी तिकीट काढून मागची खुर्ची घेतली. काळी पाटी सहा सेकंद दिसली. मग दोन तास जे चालले ते, प्रामाणिकपणे सांगायचे तर, उत्तम होते. वाईट असते तर बरे झाले असते. दौतींवर ऊन पडले होते. नायिकेने कठडा धरला, सात मिनिटे ती बोलली, आणि 'इथे ऐकणारं कोणी नाही' या वाक्यावर साडेसहाशे माणसे उभी राहिली. शेजारची मुलगी हुंदके देत होती. तिचे दुःख खोटे नव्हते. खोट्या गोष्टीवर खरे अश्रू काढता येतात, हीच तर त्या धंद्यातली विद्या आहे.

दिवे लागल्यावर दिग्दर्शकाने रंगमंचावर एका म्हातारीला हाताला धरून आणले. इस्त्रीचे पातळ, हातात फुलांचा गुच्छ कसा धरावा हे न कळल्याने तो छातीशी उभा. "हीच त्या मातेची कन्या," दिग्दर्शक म्हणाला, आणि ध्वनिक्षेपक तिच्यापुढे धरला.

लेकीने आधी खोकून घेतले.

"आई धीट होती," ती म्हणाली. "ही सहावी. ही पण चांगली आहे. आईला माझी आठवण झाली नाही, पण त्याचं काही नाही. एवढं मोठं काम करताना माणसाला घरचं कुठं आठवतं. मला आधी राग होता. आता सगळे म्हणतात, तर मलाही पटतं. आभारी आहे."

टाळ्या या वेळी भाषणाहून अधिक वाजल्या. मागच्या खुर्चीवरच्या बाई उठल्या नाहीत. त्यांच्या पिशवीत एकशे बारा तळटीपांचा लेख होता, मुद्रितशोधन झालेला, निर्दोष.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला त्या तिसऱ्या मजल्यावर गेल्या. गुच्छ पाण्याच्या तांब्यात ठेवलेला होता. लेकीने खुर्ची पुढे केली.

"या, बाई. काल दिसला होतात मागे. मला वाटलं, पुढे याल."

"ताई, मी तुम्हाला शब्द दिला होता."

"दिला होता खरा. मग त्या माणसानं शिक्का आणला. म्हटलं, तुमचंच उत्तर असेल."

"माझं नव्हतं. माझ्याकडे उत्तर आहे. तुमच्या आईच्याच तोंडचं, त्याच दिवशी लिहून घेतलेलं."

लेकीने हातातली चादर खाली ठेवली. तिचा प्रश्न भलताच होता, किंवा एकच खरा होता.

"कधीपासून आहे तुमच्याकडे?"

"साडेतीन महिने."

"आणि आला नाहीत."

"लेख लिहीत होते."

"लेखात मी आहे?"

तळटीपबाईंनी खोटे बोलण्याचा विचार केला, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो त्यांना मोहक वाटला. "आहात," त्या म्हणाल्या. "एका तळटीपेत."

लेकीने मान डोलावली, जणू हा हिशेब तिला पटला. "सिनेमावाल्यांनी निदान गुच्छ दिला," ती म्हणाली. तिच्या स्वरात टोमणा नव्हता, आणि तेच सोसणे कठीण होते. "बरं. वाचा."

बाईंनी वहीची नक्कल बाहेर काढली आणि सवयीने प्रस्तावना सुरू केली. रिवाज काय होता, वही कशी बदलली, तिला साक्षीदार म्हणून बोलावले होते आणि हो म्हटले की सोडतील असे तिला वाटत होते, कारण तोवर आयुष्यात हो म्हटल्यावर मालक लोक सोडत आले होते.

"ते राहू द्या," लेक म्हणाली. "शेवटचं वाचा. तिच्या शब्दांत. तुमच्या नको."

तळटीपबाईंनी शेवटचे पान वर घेतले. पक्क्या नोंदीत ज्याची दोन वाक्ये झाली, नाटकात ज्याची सात मिनिटे झाली, ते लघुलेखकाच्या वहीत साडेतीन ओळींचे होते. दंडाधिकाऱ्यांचा प्रश्न होता: 'हे सर्व तुम्ही जाणूनबुजून केलंत, असं मी लिहितो. याहून अधिक काही सांगायचं आहे?' त्याखाली आरोपीचे उत्तर होते. त्यांनी ते वाचले.

"नाही, साहेब. तुम्ही शिकलेले, तुम्ही म्हणता तसंच असेल. सगळं कबूल आहे, लिहा. आता मी निघू का? साडेचार होत आले. माझ्या मुलीची शाळा सुटेल, आणि मी गेल्याशिवाय ती रस्ता ओलांडत नाही, फाटकाशी उभीच राहते."